महाराजांची वैरण आणि आमचे साहेब

व्यवस्थापनावरील व्याख्यानांत हल्ली शिवाजी महाराज हटकून येतात. पण येतात ते प्रतापगड नि आग्रा घेऊनच. मला मात्र मे १६७४ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना गेलेले त्यांचे पत्र अधिक मोलाचे वाटते. राज्याभिषेक अवघ्या महिन्यावर, आणि राजा लिहितो आहे वैरणीविषयी! पावसाळ्यासाठीचा दाणा-वैरण आताच उधळलात तर घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्याच्या घरची भाकर-भाजी ओरबाडतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल, हीसुद्धा ताकीद त्यात आहे.

मित्रहो, 'लुटू नका' एवढाच हा उपदेश नव्हे. लुटीची पाळी का येते, याचा तो हिशेब आहे. आमच्याकडे ऊस तोडायला आलेल्या टोळीला शेतकऱ्याने 'खुशाली' द्यायची, असा शिरस्ताच पडला आहे. माझ्या वडिलांनीही दिली. तक्रार केली की साहेब प्रामाणिकपणाचे परिपत्रक काढतात. टोळीची मजुरी, उचल, मुकादमाचा वाटा यांचा ताळेबंद कोण मांडतो? टोळीवाल्यांचे सारेच बरोबर, असे नाही. पण एखाद्या साहेबांनी त्यांच्या कोपीत वाकून, पीठ किती दिवसांचे उरले आहे, एवढे तरी पाहावे.