‘न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही’

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मधल्या सहा महिन्यांच्या मुदतीवर बोट ठेवून अपघात भरपाईचे दावे फेटाळू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेशाने सांगितले आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची झोप परत आली. काहींची जरा जास्तच परत आली. आदेश अंतरिम आहे, तरतूद पुस्तकातून गेलेली नाही, आणि उद्या अंतिम निकाल उलटा लागला तर पक्षकार आपल्याच दारात येऊन बसणार आहे. तेव्हा हाती असलेली प्रकरणे सहा महिन्यांच्या आत दाखल करा. याहून जास्त या विषयावर आज लिहायचे नाही, कारण या महिन्यात आमच्या विचुंब्याच्या कार्यालयात आलेली पत्रे मुदतीबद्दल नाहीत. ती दाखल्याबद्दल आहेत.

एका वाचक वकिलांनी पत्रासोबत अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. अर्जदार हमाल, उजव्या मांडीचे हाड मोडलेले, सळी घातलेली, गुडघा अर्धाच वाकतो. दाखल्यावर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाच्या तीन सह्या आहेत, गोल शिक्का आहे, फोटोवर अर्धा शिक्का अर्धी सही आहे. वर संदर्भाच्या रकान्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख व्यवस्थित लिहिली आहे. आणि तळाशी, जांभळ्या शाईत, जरासा तिरका उमटलेला रबरी शिक्का: ‘फक्त शासकीय सवलतींसाठी. न्यायालयीन कामासाठी ग्राह्य नाही.’

म्हणजे न्यायाधिकरणाने लेखी पत्र पाठवून मागवलेला दाखला, त्याच पत्राचा संदर्भ देऊन, न्यायाधिकरणात चालणार नाही असे सांगत आला. शिक्का मारणाऱ्या कारकुनाने वरची ओळ वाचली नाही आणि सह्या करणाऱ्या तिघांनी खालची. विमा कंपनीच्या वकिलांनी मात्र दोन्ही वाचल्या. उलटतपासणीत त्यांनी अर्जदाराला एकच प्रश्न विचारला, ‘हा शिक्का तुम्ही वाचला होता का?’

या शिक्क्यापर्यंत पोचायलाही माणसाला काय करावे लागले, ते पत्रात आहे. आधी सांगितले, ऑनलाइन नोंदणी करा, युडीआयडी (अपंगत्व ओळखपत्र) क्रमांकाशिवाय मंडळापुढे घेत नाही. नोंदणी केली, तर मंडळ ठरावीक वारीच बसते आणि त्या वारी अस्थिरोग तज्ज्ञ रजेवर. पुढच्या वेळी तज्ज्ञ होते, पण एक्स-रे जुना निघाला, नवा काढून आणा. नवा काढला, तर तो खाजगी केंद्राचा म्हणून चालेना. कुबड्या घेतलेल्या माणसाला रिक्षा करून, सोबत एक माणूस घेऊन, हे सगळे करायचे आहे. सोबतच्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच, आणि तो आपण प्रवास खर्चाच्या शीर्षाखाली मागायलाही विसरतो.

आता कायद्याचे बघू. असा शिक्का असलेला दाखला पुराव्यातून बाद होतो का? होत नाही. कलम १६९ खाली न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त पद्धतीची आहे. मंडळाचा सदस्य साक्षीला येऊन म्हणाला की तपासणी आम्ही केली, टक्केवारी आम्ही काढली, तर रबरी शिक्क्याने त्यातले काही पुसले जात नाही. पण साक्षीला येतो कोण? समन्स निघते तोवर एक जण बदलून गेलेला, दुसरा शस्त्रक्रियेत, तिसऱ्याच्या नावाचे समन्स आवक-जावक विभागातच पडून. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११, १ एससीसी ३४३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके याचेच उपाय सांगून ठेवले आहेत. डॉक्टरांना ठरावीक वेळ द्या, त्यांना ताटकळत ठेवू नका, जिथे वाद नाही तिथे दाखला आणि बिले संमतीने निशाणीवर घ्या. पंधरा वर्षे उलटून गेली. आपल्यापैकी कितीजणांनी विमा कंपनीच्या वकिलांना अशी संमती लेखी मागितली आहे? मागितली आणि त्यांनी नाकारली, तर ते रोजनाम्यावर आणले आहे? संमतीची पुरसिस नाकारल्याची नोंद असली की साक्षीदार न आल्याचा दोष अर्जदाराच्या माथी मारणे न्यायाधिकरणालाही अवघड जाते.

कलम १६९(३) तर आपण विसरूनच गेलो आहोत. विशेष ज्ञान असलेल्या एक किंवा अधिक व्यक्तींना चौकशीत मदतीला घेण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. अर्ज द्या. अस्थिरोग तज्ज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ, कोणीही. अर्ज नामंजूर झाला तरी अपिलात मुद्दा उभा राहतो.

सरकारी मंडळाला नावे ठेवताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागेल, आणि इथे काही सभासदांना राग येईल, तो येऊ द्या. पनवेल परिसरात ‘तयार’ दाखले मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. रुग्णाला कधी न तपासलेला, उपचार कधी न केलेला डॉक्टर निकालाच्या आदल्या महिन्यात ४० टक्क्यांचा कागद देतो आणि आपण तो अभिमानाने दाखल करतो. राजकुमार निकालात अशा दाखल्यांबद्दल काय म्हटले आहे ते विरुद्ध बाजूला तोंडपाठ असते. अशा एका कागदामुळे पुढच्या दहा खऱ्या अर्जदारांच्या दाखल्याकडे न्यायाधिकरण संशयाने बघते. सरकारी शिक्क्याची कटकट नको म्हणून हा मार्ग धरणाऱ्यांना ‘अडचण होती’ असे म्हणून सोडून देता येणार नाही.

दुसरी चूक टक्क्यांची. ४५ टक्के कशाचे? त्या एका पायाचे की सबंध शरीराचे? दाखल्यात लिहिलेले नसते आणि सरतपासणीत आपण विचारत नाही. मग निकालपत्रात न्यायाधिकरण अंदाजाने एक तृतीयांश धरते. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे शरीराचे टक्के तेच कमाईचे टक्के धरून चालणे. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयानेच दिले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. पण पत्रातला हमाल घ्या. आकडे उदाहरणादाखल आहेत. वय ३४, म्हणजे सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक १६. महिना १८,००० रुपये उत्पन्न सिद्ध झाले, तर वर्षाचे २,१६,०००, प्रणय सेठी आणि पप्पू देव यादव या निकालांच्या आधारे भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,०२,४००, आणि गुणकाने ४८,३८,४००. शरीराचे १५ टक्के अपंगत्व तेवढेच कमाईचे नुकसान मानले तर हातात ७,२५,७६०. वाकत नसलेल्या गुडघ्याने पाठीवर ओझे घेऊन फळीवर चढता येत नाही, हे पुराव्याने दाखवून न्यायाधिकरणाने ६० टक्के मानले तर २९,०३,०४०. दाखला तोच, डॉक्टर तोच, जखम तीच. फरक एका साक्षीदाराचा, आणि तो साक्षीदार डॉक्टर नव्हे. त्याच्या टोळीचा मुकादम.

उत्पन्नाचेही तेच. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला नोंदणीकृत माथाडी कामगार असेल तर त्याची मजुरी लोखंड व पोलाद कामगार मंडळामार्फत जमा होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ही व्यवस्था उभी केली, आणि मंडळाकडे त्याच्या महिन्यामहिन्याच्या मजुरीची नोंद असते. तरीही दाव्यात ‘अर्जदार मोलमजुरी करतो, उत्पन्न अंदाजे’ असे लिहून आपण मोकळे होतो आणि न्यायाधिकरण १०,००० रुपये गृहीत धरते. १५ टक्क्यांच्या हिशेबाने मग त्याच माणसाला ४,०३,२०० मिळतात. मंडळाकडून उतारा मागवायला एक अर्ज आणि एक समन्स लागते. रिक्षावाल्याचा परवाना आणि बॅज, भाजीवाल्याची बाजार समितीची पावती, घरपोच सामान देणाऱ्या पोराच्या मोबाइलमधले आठवड्याच्या कमाईचे पान, हे कागद अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात सहज मिळतात. दोन वर्षांनी फोनही बदललेला असतो आणि खातेही बंद झालेले.

पहिल्या आठवड्याचा विषय निघालाच आहे तर ‘पडून जखमी’ या दोन शब्दांबद्दलही लिहायला हवे. विचुंबे, देवद, उसर्ली या बाजूला अपघात झाला की जखमीला मिळेल त्या गाडीत घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतात. दारात डॉक्टर विचारतात, काय झाले? सोबतचा घाबरलेला भाऊ म्हणतो, गाडीवरून पडला. केसपेपरवर तेवढेच उतरते. मागून आलेल्या टेम्पोने उडवले म्हणून पडला, हे कोणी लिहीत नाही. वाहनाचा क्रमांक नाही, एमएलसी नाही, पोलिसांना खबर नाही. पुढे दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर एमएलसी होते, फिर्याद आठ-दहा दिवसांनी. रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) मुळे फिर्यादीचा उशीर आपण निभावून नेऊ. पण पहिल्या कागदावरचे ‘पडून’ तसे निभत नाही. विमा कंपनी तो एकच कागद घेऊन उच्च न्यायालयापर्यंत जाते. त्यावर इलाज पहिल्याच भेटीत करायचा असतो. केसपेपरच्या प्रमाणित प्रती ताबडतोब काढा. त्या भावाचा जबाब तपासी अंमलदाराकडून नोंदवून घ्या, आणि ‘पडला’ असे का सांगितले हे त्या जबाबातच येऊ द्या. केसपेपरवर नंतर कोणाकडून काही लिहून घेऊ नका. खाडाखोड एकदा दिसली की खरे असलेलेही खोटे ठरते.

पोलिसांचे काय? १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि तपशीलवार ९० दिवसांत देण्याचे बंधन तपासी अंमलदारावर घातले. गोहर मोहम्मद निकालात (डिसेंबर २०२२) सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करा म्हणून पुन्हा बजावले. तरी आपल्याकडे अजून जुन्या ए ए फॉर्मचीच भाषा चालू आहे, आणि नमुना सहा, म्हणजे जखमीने स्वतः भरून द्यायचा नमुना, कित्येक पक्षकारांनी पाहिलेलाही नसतो. तो भरून द्यायला पोलीस सांगणार नाहीत. तुम्ही सांगा, आणि पोहोच घ्या.

मेडिक्लेमबाबत एवढेच: मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही असा निर्वाळा दिला आहे. पण मूळ बिले मेडिक्लेमकडे गेलेली असतात. त्यांच्याकडून प्रमाणित प्रती आणि मंजुरीचे पत्र आधीच मागवून ठेवा. झेरॉक्सवर निशाणी पडणार नाही आणि मग पूर्णपीठाचा निकाल वाचून दाखवण्यात अर्थ राहणार नाही.

पुन्हा त्या शिक्क्याकडे. आमची मागणी साधी आहे. न्यायाधिकरणाच्या पत्रावरून होणारी तपासणी सवलतीच्या दाखल्यांपासून वेगळी ठेवावी. तिचा नमुना वेगळा असावा आणि त्यात अवयवाचे टक्के, सबंध शरीराचे टक्के आणि अर्जदार कोणते काम करू शकत नाही, असे तीन रकाने असावेत. युडीआयडी नोंदणीची अट तिथे लावू नये. पनवेल तालुक्यातल्या जखमींसाठी महिन्यातला एक दिवस पनवेलमध्येच ठरवावा. आणि मंडळाच्या एका सदस्याने दूरदृश्य प्रणालीवरून साक्ष द्यावी, म्हणजे शस्त्रक्रिया आणि तारीख यांत कोणाला निवड करावी लागणार नाही. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. एका परिपत्रकाने होणारे काम आहे, आणि म्हणूनच ते होत नसावे.

निवेदन प्रमुख जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हा शल्यचिकित्सक दोघांनाही द्यायचे आहे. पण ‘असे घडते’ एवढ्यावर कोणी ऐकून घेत नाही, कागद लागतात. तुमच्याकडच्या प्रकरणांत असा शिक्का मारलेला दाखला असेल, साक्षी समन्स परत आल्याचा शेरा असेल, संमतीची पुरसिस नाकारल्याचा रोजनामा असेल, तर त्याची प्रत पुढचा अंक छापायला जाण्यापूर्वी कार्यालयात आणून द्या. पक्षकाराचे नाव, पत्ता आणि फोटो झाकून आणा. झेरॉक्स चालेल. फक्त शिक्का वाचता येईल अशी काढा.