कपाटाची किल्ली कुणाकडे?

१४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर उभं राहून बघा. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालना, सगळीकडून माणसं येत राहतात. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाया, निळ्या फेट्यातली पोरं, कडेवर लेकरं. कुणी गेटला हात लावून तो हात डोळ्यांना लावतं. पुस्तकांचे स्टॉल, शाहिरांचे जलसे, भाकरीची फडकी. आणि या सगळ्यावर उंच धरलेले हजारो मोबाईल.

एखाद्या चॅनलची गाडी येते. कॅमेरावाला उंच जागा बघतो, गर्दीवरून एकदा डावीकडून उजवीकडे फिरवतो अन् निघतो. रात्री वीस सेकंद बातमी. ‘भीमसागर उसळला.’

दोस्तांनो, हा सागर शब्द मला आता सहन होत नाही. सागराला नाव नसतं, गाव नसतं, तोंड नसतं. कडेला बसून भाकरी सोडणाऱ्या म्हातारीला कुणी विचारत नाही की, माय, १९७८ साली तू कुठं होतीस?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमची घरं जळाली. पोचिराम कांबळेंना मारलं. १९७९ ला लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका पाटीसाठी जवळजवळ सोळा वर्षं! या लढ्याचं लेखन आहे, फोटो आहेत, शाहिरांनी गावोगाव नेलेली गाणी आहेत. पण आमच्या माणसांनी, आमच्या हातानं काढलेली हलती, बोलती चित्रं शोधायला मी निघालो तेव्हा हाताला फार थोडं लागलं.

का नाहीत? त्या काळी कॅमेरा कुणाच्या बापाकडे होता? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा साईट प्रयोग झाला, २४०० खेडी घेतली, सहा राज्यं घेतली. त्यात महाराष्ट्र नव्हता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले अन् त्यांच्या निर्मितीसाठी देशातल्या निवडक विद्यापीठांत स्टुडिओची केंद्रं उभी राहिली. महाराष्ट्रातलं केंद्र पुण्यात. मराठवाड्याला काय? म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं आमच्या घरापर्यंत पोचवायची सोय झाली. आमचं काही तिकडं पोचवायची सोय मात्र नाही.

आज तसं राहिलेलं नाही. पत्रकारितेचे विभाग आहेत, नाट्यशास्त्राचे आहेत, चित्रपट शिकवणाऱ्या संस्था आहेत. कॅमेरे आहेत, लाईट आहेत, एडिटिंगची मशीनं आहेत. कुठं आहेत? कपाटात आहेत. आणि मला बोलायचंय ते या कपाटाबद्दल.

माझी आत्या नांदेडकडच्या एका खेड्यातली. १९७८ ला ती वीस-एकवीस वर्षांची. घर जळालं तेव्हा दोन लेकरं घेऊन ज्वारीच्या रानात रात्रभर बसली होती. हे तिनं आयुष्यभर धड कुणाला सांगितलं नाही. २०१९ च्या मे महिन्यात आमच्या खोलीवर आली अन् एका दुपारी म्हणाली, “घे बाबा लिहून. पुन्हा मला आठवंल का नाही ठावं नाही.”

मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थी होतो. नाव सांगत नाही. असली कपाटं एकाच संस्थेत नसतात. दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि कॉलर माईक मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज मागितला. दिला. मग विषय विचारला. सांगितला. मग आडनाव विचारलं, जे अर्जावर लिहिलेलंच होतं. मग म्हणाले, “असले वादाचे विषय नकोत. अन् महागाची वस्तू आहे, पडली तर भरून कोण देणार?” त्याच आठवड्यात एका पाहुण्याच्या सत्काराला तोच कॅमेरा तीन तास चालू होता. शाल, श्रीफळ, हार. ते पडलं नाही, झडलं नाही, वादाचं ठरलं नाही.

मग मी मोबाईलवर आत्याला शूट केलं. उन्हाळा होता, कूलर चालू. ती दाराकडे पाठ करून बसली. सव्वा तास बोलली. मी रडलो, ती रडली नाही. रात्री लावून बघितलं तर दाराचा पांढरा चौकोन, त्यात एक काळी आकृती अन् घरघर, घरघर, घरघर. मधूनच एखादा शब्द. ‘रान’. ‘पाणी’. ‘लेकरू’. म्हटलं, दिवाळीला गावी जाऊन पुन्हा करू. ते राहिलं. २०२१ च्या लाटेत आत्या गेली.

आता माझ्याकडे आहे ती एक काळी आकृती. तिचा हात हलतो, एवढंच.

त्यानंतर मी हे शिकत गेलो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दोस्ताच्या हाताखाली राबून शिकलो. तेव्हा कळलं की चूक दुपारची नव्हती, नशिबाची तर नव्हतीच. आवाजाचा साधा नियम आहे : माईकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की मिळणारी तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. मी मोबाईल सहा फुटांवर ठेवला होता. कॉलर माईक छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर बसतो. शिवाय मोबाईलला अक्कल अशी की माणूस थांबला, शांतता झाली, की तो आपणहून आवाज वाढवतो. म्हणजे आत्या हुंदका गिळायला थांबायची तेव्हा माझं मशीन कूलर मोठा करत होतं! चारशे-पाचशे रुपयांचा वायरवाला माईक अन् कूलर बंद करण्याची बुद्धी, एवढ्यानं तिचा आवाज वाचला असता.

आणि उजेडाचं तर राजकारणच आहे. कॅमेरा ऑटोवर असला की समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. पाठीमागं दार उघडं, पुढं सावळा चेहरा. मशीन दाराचा हिशोब करतं, चेहरा अंधारात ढकलतं. बोटानं चेहऱ्यावर दाबून उजेड बांधून टाकता येतो, माणसाला फिरवून खिडकीकडं तोंड करून बसवता येतं. हे कुणीतरी सांगावं लागतं. मशीन स्वतःहून आपली बाजू घेत नाही.

कुणाला वाटेल, हा प्रत्येक गोष्टीत जात शोधतो. मग कोडॅकची गोष्ट ऐका. फोटोचे रंग बरोबर उतरले की नाही हे तपासायला लॅबमध्ये एक नमुना-कार्ड असायचं, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोरी बाई. तिची कातडी बरोबर दिसली की फिल्म पास. काळ्या माणसांच्या चेहऱ्याचे बारकावे उतरत नव्हते, ते कित्येक वर्षं चाललं. फिल्म सुधारायला जोर आला तो चॉकलेटवाल्यांच्या अन् लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींनी, असं पुढे त्या कंपनीत काम केलेल्यांनीच सांगितलं. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. म्हणजे शिसवी कपाटाला जी किंमत, ती काळ्या माणसाला नाही! आज मोबाईलमध्ये तोंड गोरं करणारे फिल्टर आहेत अन् आमचीच पोरं जयंतीचे फोटो त्यातून काढतात. यंत्र तटस्थ असतं म्हणणाऱ्यांना हे विचारा.

आमचे काही मित्र म्हणतात, “आता हातात मोबाईल आहे, विद्यापीठाचा कॅमेरा घेऊन काय करता? रील टाका, संपलं.” दोस्तांनो, खरंच संपलं. रील दोन दिवसांत संपतं. शूट करणं हे पाव काम. मग आवाज साफ करणं, तासंतास बसून कापणं-जोडणं, नाव-गाव-तारीख लिहून सांभाळून ठेवणं. सत्ता बटण दाबणाऱ्याकडे नसते, ती एडिटिंगच्या टेबलावर असते. ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा माणसं मेली. टँकर पेटवला जात होता म्हणून गोळ्या झाडल्या, असा पोलिसांचा बचाव होता आणि त्यासाठी चित्रफीत पुढे केली गेली. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केली, २०११ साली. त्या फिल्मनं या बचावाची उलटतपासणी केली. चित्राला चित्रानंच उत्तर देता आलं, कारण कुणीतरी शूट करून ठेवलेलं, जपलेलं अन् टेबलावर बसून तपासलेलं होतं.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देतो म्हटलं तरी, ‘केसरी’नं छापली नाही. बाबासाहेब जागा मागत बसले नाहीत. पुढे त्यांनी स्वतःचा छापखानाच उभा केला : भारत भूषण प्रिंटिंग प्रेस, पुढचा बुद्ध भूषण. लेखणी आपली असून भागत नाही, यंत्रही हातात लागतं. याच शहरात, नागसेनवनाच्या आसऱ्यानं गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं अन् खेड्यातली पोरं लिहिती झाली. आता ती पोरं दाखवतीही व्हायला हवीत. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेनं ‘पिस्तुल्या’ केला, राष्ट्रीय पुरस्कार घेतला, मग ‘फँड्री’त जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या डोळ्यांवर आला. तो काही मुंबईच्या स्टुडिओवाल्याचा पोरगा नव्हता. जिल्ह्याच्या कॉलेजात शिकलेला होता. एवढंच लागतं, कपाट उघडं लागतं.

आता आपल्याच गालावर एक चापट. १९९० नंतर वस्त्यावस्त्यांत लग्नाचे व्हिडिओवाले आले. जयंतीच्या मिरवणुका, सभा, नामविस्ताराचा जल्लोष त्यांनी व्हीएचएसवर घेतला. त्या कॅसेटी आज कुठं आहेत? पेटीत, माळ्यावर, जुन्या गोधडीखाली. चुंबकीय फीत काही दगडी शिलालेख नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, दोन-तीन दशकांत तिच्यावरचं चित्र विरायला लागतं. ती चालवायला व्हीसीआर लागतो अन् तो बनवत राहिलेली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ ला थांबली. म्हणजे कॅसेटही मरतेय अन् ती वाचणारं मशीनही. आणि आम्ही काय करतोय? डीजेपुढं नाचणाऱ्या दोस्ताचा स्लो मोशन घेतोय. पुढाऱ्याच्या बॅनरसाठी ड्रोन उडवतोय. चळवळीत भाकऱ्या थापणाऱ्या, लाठ्या खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या बायांकडं आमचा कॅमेरा वळतच नाही. चॅनलवाल्यांना ‘सागर’ दिसतो, आम्हाला स्टेज दिसतं. फरक काय राहिला?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या विद्यापीठासकट मराठवाड्यातल्या ज्या ज्या संस्थेत कॅमेरा आहे, तिथं उपकरणं देण्या-घेण्याचं रजिस्टर नोटीस बोर्डावर लागू द्या. कुणाला दिलं, किती दिवस, कशासाठी, हे सगळ्यांना वाचू द्या. सत्काराला किती तास अन् विद्यार्थ्याला किती तास, आपोआप कळेल. दुसरं, एक टेबल द्या : चालू व्हीसीआर, चित्र संगणकात ओढणारं कार्ड, एक संगणक, दोन हार्ड डिस्क. लोक पेट्या उघडून कॅसेटी आणतील. उतरवून घ्या, मूळ कॅसेट परत द्या अन् एक प्रत त्यांच्याही हातात द्या. तिसरं, नामांतराचे साक्षीदार अजून आहेत, सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या साक्षी घेणं हे अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक करा, मार्क द्या. आणि साक्ष घेतली की ती त्या वस्तीत पडदा बांधून दाखवा. आमच्या माणसाची गोष्ट घेऊन तुमच्या कपाटात पुन्हा कुलूप लावायचं नाही.

आणि हे होईस्तोवर आपण थांबायचं नाही. दोघा-तिघांत वर्गणी काढून माईक घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीकडं तोंड करून बसवा. पंखा, कूलर बंद करा. आधी दोन मिनिटं घेऊन, कानाला लावून ऐका, मगच पुढं बोलू द्या. सुरुवातीला नाव, गाव, साल त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

माझ्या आत्याचं नाव यात लिहिलेलं नाही. ते तिनं त्या दुपारी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, कूलरखाली दबून गेलं. ते तिच्या आवाजात पुन्हा मिळणार नाही. तुमच्या घरी अजून कुणी बसलेलं असेल तर हा अंक खाली ठेवा अन् आधी तिकडं जा.