आईला बाहेर बसवणारी थेरपी

मूल अडीच वर्षांचं होऊन बोलत नसलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, थांबा. याचा बापही चौथ्या वर्षी बोलला, मुलगे उशिराच बोलतात, वेखंड उगाळून मधातून चाटवा. दुसरा म्हणतो, शिकवणी लावतात तशी थेरपी लावा: आठवड्यातून दोनदा सेंटरवर सोडायचं, पाऊण तासानं घेऊन यायचं, महिन्याची फी भरून टाकायची. माझं भांडण या दुसऱ्या पक्षाशी आहे. तो शिकलेला आहे, पैसे मोजायला तयार आहे, आणि तरी भलत्याच गोष्टीचे पैसे मोजतो आहे.

पहिल्याला थोडक्यात आटोपू. दोन वर्षांच्या मुलाकडून 'दूध हवं', 'बाबा आला' असं दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं. ते होत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत. 'दार आपटलं की दचकतो की!' हा पुरावा होत नाही. माफक श्रवणदोष असलेल्या मुलाला दार आपटल्याचं ऐकू येतं, पण बोलण्यातले 'स', 'श', 'फ' निसटतात. कानाच्या बेरा चाचणीत ते कळतं, वेखंड चाटवून नाही.

आता दुसरा पक्ष. पाऊण तासाची दोन सत्रं म्हणजे आठवड्याला दीड तास. मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. उरलेले साडेब्याऐंशी तास ते ज्यांच्याबरोबर काढतं, त्या आईला, आजोबांना, सांभाळणाऱ्या मावशींना बंद दाराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, आणि शेवटी 'आज छान को-ऑपरेट केलं' एवढंच सांगायचं. ही व्यवस्था मुलासाठी नाही, वेळापत्रकासाठी आहे. जेम्स लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेसाठी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात तज्ज्ञानं स्वतः दिलेली थेरपी आणि प्रशिक्षित पालकांनी दिलेली थेरपी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. कॅनडातला हॅनेन कार्यक्रम तर १९७५ पासून पालकांनाच शिकवतो आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: आई समोर असली की मूल लक्ष देत नाही, रडतं. काही मुलांच्या बाबतीत हे खरंही आहे. तेव्हा पहिले काही आठवडे आईनं काचेपलीकडून पाहावं, नाहीतर व्हिडिओ मागावा. पण महिनोन्‌महिने हेच कारण ऐकू येत असेल, तर अडचण मुलाची नाही.

उलट टोकाचेही लोक आहेत. पालकांनीच करायचं तर तज्ज्ञ कशाला, यूट्यूब आहेच, असं ते म्हणतात. मूल का बोलत नाही हे यूट्यूबला कळत नाही. कारण कानात असेल, स्वमग्नतेत असेल, किंवा बाकी सगळं ठीक असून भाषाच उशिरा उमलत असेल. प्रत्येकाची वाट वेगळी. 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला जिभेचा मागचा भाग टाळूला कसा टेकवायचा हे शिकवायला तरबेज माणूसच लागतो. (शिट्टी वाजवणं आणि मेणबत्ती विझवणं यानं उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही; तरी कित्येक सेंटरांत सत्राचा चांगला भाग त्यातच जातो.)

आणि सगळ्यात घातक सल्ला अजून सांगायचाच आहे: 'घरात एकच भाषा ठेवा, शाळा इंग्रजी आहे तर इंग्रजीच.' ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण तो खोटा आहे. दोन भाषा कानावर पडल्यानं भाषादोष होत नाही आणि असलेला वाढत नाही. कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचा २००५ मध्ये अभ्यास झाला. दुसऱ्या भाषेमुळे त्यांची इंग्रजी मागे पडलेली दिसली नाही. इकडे मात्र सल्ला पाळणाऱ्या घरात काय होतं ते पाहा. जिला मराठीत भाजी निवडता निवडता शंभर गोष्टी सांगता येतात, ती आई इंग्रजीत 'सिट', 'ईट', 'व्हॉट कलर?' एवढ्यावर येते. हुकूम आणि परीक्षा, मधल्या गप्पा गेल्या. आजी तर गप्पच होते. ज्या मुलाला भरपूर बोलणं ऐकायला हवं, त्याच्याच घरातलं बोलणं आपण फी भरून कमी करतो.

खासगी थेरपी म्हणजे निव्वळ धंदा, असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारी सोयी नाहीत असं नाही: मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालय आहे, २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पण तालुक्याच्या गावातून रोजंदारी बुडवून दर आठवड्याला तिथं जाणं कोणाला जमतं? अशा पालकानं जमल्यास मूल्यमापन सरकारी संस्थेत करून घ्यावं आणि पुढचं काम जवळच्या खासगी तज्ज्ञाकडे न्यावं, यात कमीपणा नाही. पंधरवड्यातून एकच भेट परवडली तरी चालेल. आईबाप आत बसलेली ती एक भेट मला आठवड्याच्या तीन बंद सत्रांपेक्षा मोलाची वाटते.

तज्ज्ञ खरा असावा, एवढं मात्र बघायचं. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. हजार रुपये म्हणजे आज पुण्या-मुंबईत अनेक ठिकाणी एका सत्राची फी. या दंडाला कोण भिणार? म्हणून राखण आपणच करायची.

तेव्हा पहिल्याच भेटीत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. येत्या तीन महिन्यांत मूल नेमकं काय करू लागेल हे लेखी मागा. घरची भाषा मराठी आहे आणि मराठीच राहील, हे सांगून टाका. मग विचारा, 'आम्ही आत बसायचं ना?' नाही म्हणाले, तर आगाऊ फी न भरता उठा आणि दुसरं दार शोधा.