कुंडीतली पांढरी अळी

कुंडीची माती बदलताना तांबूस डोक्याची, चंद्रकोरीसारखी वळलेली जाड पांढरी अळी निघाली, तर लगेच चिरडू नका हं! आधी ताटलीत ठेवून पाहा. पाय वर करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची. ती कुजका पाला खाते, जिवंत मुळांच्या सहसा वाटेला जात नाही. नुसतीच कुशीवर वळवळत राहिली, तर हुमणी असू शकते. हुमणी मुळं कुरतडते, तुळस सुकवते. तिला कुंडीत परत टाकू नका.

पहिली अळी मुलांना पाळायची असेल, तर बरणीत ओलसर शेणखत नि कुजका पाला भरा, झाकणाला भोकं पाडा, सावलीत ठेवा. चिखल मात्र नको. पुढं ती मातीचा कोष करील, तो फोडू नका. भुंगा निघाला की बागेत सोडून द्या.