‘खराब झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

शनिवारी सकाळी आमचा ऑनलाइन मराठीचा वर्ग सुरू झाला की पहिली पाच मिनिटं तक्रारींची असतात. कोणाचा आवाज येत नाही, कोणाचा कॅमेरा चालत नाही. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने सांगितलं, "दादा, माझा माउस खराब झाला. बाबा म्हणाले, नवीन मागवू."

मी विचारलं, "खराब झाला म्हणजे नक्की काय झालं?"

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "म्हणजे... कापुट!"

तुम्ही जर्मनीत वाढला असाल, तर हा शब्द तुमच्या तोंडात बसलेला असेल. सायकल कापुट, लिफ्ट कापुट, माउसही कापुट. मराठीत आपण ‘खराब’ हा शब्द असाच सगळीकडे वापरतो. पण आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. यंत्र बंद पडतं. ते अडकतं किंवा अडखळतं. वायर तुटते, बटण मोडतं, काच फुटते, चाक सैल होतं. यातला प्रत्येक शब्द वेगळा बिघाड सांगतो. आणि बिघाड वेगळा असला की उपायही वेगळा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली की घरात लगेच चर्चा सुरू होते, नवीन घ्यायची की जुनी दुरुस्त करायची? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की नक्की काय झालंय? पहिल्याचं उत्तर न शोधता दुसऱ्याचं उत्तर दिलं, तर पैसे वाया जाऊ शकतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

मी फ्रँकफर्टमध्ये आयटीत काम करतो. काही वर्षांपूर्वी घरून काम करत असताना माझा वायरलेस माउस अडखळायला लागला. कर्सर मध्येच थांबायचा आणि मग एकदम उडी मारायचा. माउस तीन वर्षं जुना होता. मी म्हटलं, "म्हातारा झाला बिचारा!" नवीन मागवला आणि जुना टाकून आलो. दोन दिवसांनी नवा माउसही अगदी तसाच अडखळायला लागला.

तेव्हा कुठे मी शांतपणे बघितलं. माझ्या लक्षात आलं, की मी बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली की माउस अडखळतो आणि डिस्क काढली की नीट चालतो. वायरलेस माउसचा जो छोटा रिसीव्हर असतो, तो बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो. यूएसबी ३ च्या जोडणीतून त्याच पट्ट्यात थोडा गोंगाट बाहेर पडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच याबद्दल माहिती दिली होती. माझा रिसीव्हर आणि हार्ड डिस्कची वायर अगदी शेजारी शेजारी होत्या. मी रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला. अडखळणं थांबलं.

म्हणजे माझा जुना माउस चांगलाच होता. मी एक चांगला माउस टाकून दिला होता, आणि तोही आयटीवाला असून! दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही, कारण ‘जुना आहे, म्हणजे खराब झाला असणार’ असं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

याची मला जास्त लाज वाटली, कारण शाळेत आम्हाला याच्या उलट शिकवलं होतं. मी कराडच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं आणि एका कॉम्प्युटरवर तिघांनी बसायचं. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबराचा थर असलेला एक गोळा असायचा. माउस सरकवला की तो गोळा फिरायचा आणि आतल्या दोन बारीक दांड्यांना फिरवायचा. त्या दांड्यांवर हळूहळू मळ साठायचा आणि कर्सर अडकायचा. मग आम्ही "सर, माउस बिघडला!" असं ओरडायचो. सर म्हणायचे, "आधी उलटा करून बघा." आम्ही झाकण फिरवून गोळा बाहेर काढायचो, नखाने मळ खरवडायचो, आणि माउस परत पळायला लागायचा. नवीन माउस मागायचा विचारही आमच्या मनात यायचा नाही, कारण नवीन माउस नव्हताच.

या गोळ्याची एक गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण ती जर्मनीतली आहे. माउसचा शोध म्हटलं, की अमेरिकेच्या डग्लस एंगेलबार्ट यांचं नाव घेतलं जातं, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी खोक्याचा पहिला माउस बनवला. त्याच्या खाली गोळा नव्हता, दोन चाकं होती. तो माउस ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्कोमध्ये सगळ्यांसमोर दाखवला गेला. पण त्याच वर्षी, २ ऑक्टोबरच्या एका माहितीपत्रकात, टेलेफुंकेन या जर्मन कंपनीने आपला गोळ्याचा माउस जाहीर केला होता. त्याचं नाव ‘रोलकुगेल’. कॉन्स्टान्झ इथल्या राइनर मालेब्राइन यांच्या गटाने विमान वाहतुकीच्या रडारसाठी टेबलात बसवलेला एक गोळा आधीच तयार केला होता. तो हाताने फिरवायचा. तीच रचना त्यांनी उलटी केली, म्हणजे गोळा खाली आणि हात वर, आणि माउस तयार झाला.

आजच्या माउसमध्ये गोळा नाही, पण सरांचं वाक्य अजून लागू पडतं. तुमचा माउस उलटा करा. खाली एक छोटं छिद्र दिसेल. त्यातून प्रकाश टेबलावर पडतो आणि आतला बारीकसा कॅमेरा टेबलाचे फोटो काढतो, एका सेकंदात हजाराहून जास्त. एका फोटोची पुढच्या फोटोशी तुलना करून माउस किती सरकला हे ठरतं. त्या छिद्रात एक केस अडकला, तरी कर्सर थरथरू शकतो. काचेच्या टेबलावर तर अनेक माउस गोंधळतात, कारण काचेवर कॅमेऱ्याला ओळखण्यासारखं काही दिसत नाही. खाली एक कागद ठेवून बघा. कागदावर माउस नीट चालला, तर बिघाड माउसमध्ये नाही, टेबलाची निवड चुकली आहे.

मग मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम असा. आधी उलटा करून छिद्र पुसायचं आणि चालू-बंदचं बटण बघायचं. मग बॅटरी बदलायची किंवा चार्ज करायची. मग रिसीव्हर दुसऱ्या जागी लावायचा. वायरचा माउस असेल, तर वायर माउसच्या तोंडाशी हलवून बघायची, कारण ती बहुधा तिथेच आतून तुटते. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, म्हणजे तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचा. तिथेही तोच त्रास झाला, तर दोष माउसचा. तिथे नीट चालला, तर माउस निर्दोष आहे आणि चोर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

फक्त एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, टेबल आणि रिसीव्हर तिन्ही एकदम बदललं आणि माउस चालू झाला, तर कशामुळे चालू झाला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता त्या मुलीकडे परत येऊ. तिने वर्गानंतर हे सगळं केलं आणि मला सांगितलं, "दादा, माउस अडखळत नाही. मी एकदा दाबलं की दोनदा दाबलं जातं. बाबांच्या लॅपटॉपवरसुद्धा." किती नेमकं सांगितलं बघा! आता मला माउस न बघताही कळलं. बटणाच्या खाली एक छोटा स्विच असतो, त्यात धातूची पातळ पट्टी असते. ती झिजली किंवा खराब झाली, की दाबल्यावर थरथरते आणि कॉम्प्युटरला वाटतं की दोनदा दाबलं. असे स्विच एक कोटी किंवा त्याहून जास्त वेळा दाबता येतील असं बनवणारे सांगतात, पण काही त्याच्या आधीच दमतात.

तिच्या घरात तीन मतं होती. बाबा म्हणत होते, "नवीन मागवू, उद्या येईल." सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, फेकू नकोस. दुरुस्त करून आणा की!" आणि तिला स्वतःला रंगीत दिव्यांचा, गेम खेळायचा माउस हवा होता. (हे तिने हळू आवाजात सांगितलं.)

मी एकच विचारलं, "माउस कधी घेतला होता?"

दहा महिन्यांपूर्वी, आणि पावती ईमेलमध्ये होती. जर्मनीत नवीन वस्तूसाठी विकणारा दोन वर्षं जबाबदार असतो. २०२२ पासून घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत पहिल्या १२ महिन्यांत दोष दिसला, तर तो दोष सुरुवातीपासूनच होता असं कायदा मानतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. म्हणजे इथे नवीन घ्यायची गरज नव्हती आणि स्क्रू काढून आपण दुरुस्त करायचीही गरज नव्हती. उलट आपण उघडला असता, तर "तुम्हीच बिघडवला" असं ते म्हणू शकले असते. तिने स्वतः जर्मनमध्ये ईमेल लिहिली. ‘माउस कापुट आहे’ एवढंच लिहिलं नाही. काय होतं, कधीपासून होतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही होतं, हे लिहिलं. काही दिवसांनी बदली माउस आला. रंगीत दिवे नाहीत म्हणून ती थोडी नाराज आहे.

तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, "दादा, पंधरा युरोच्या माउससाठी एवढा वेळ? तेवढ्या वेळात मी दुसरं काही करेन." हा मुद्दा खोटा नाही. दुरुस्तीवर तासन्‌तास घालवा, असं मी म्हणतच नाही. पण तपासायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं न दिल्यामुळे मी दुसरा माउस घेऊनही पहिलाच त्रास परत मिळवला.

माउस तीन वर्षं जुना असेल आणि स्विचच गेला असेल, तर? मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत असे सुटे भाग मागता येतात. इथे दुकानात दुरुस्तीला दिलं, तर मजुरी माउसपेक्षा महाग पडेल. पण रिपेअर कॅफे असतात. मार्टिने पोस्टमा यांनी पहिला रिपेअर कॅफे २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये भरवला. आता फ्रँकफर्टमध्येही ते भरतात. तिथे स्वयंसेवक तुमच्याबरोबर बसून वस्तू उघडतात. स्विच बदलायला डाग द्यावा लागतो, म्हणजे धातू वितळवून जोडावं लागतं. ते करताना एकदा बघा. तेही जमलं नाही, तर खुशाल नवीन घ्या, मनाला लावून घेऊ नका. आणि आतली बॅटरी फुगली असेल, तर प्रश्नच नाही. तो माउस वापरायचा नाही, दाबायचा नाही, उघडायचा नाही.

आजींच्या मताबद्दलही थोडं बोलतो, कारण मला ते आवडतं आणि तरी पूर्ण पटत नाही. आपल्या अनेक घरांत एक खण असतो. त्यात जुने चार्जर, बंद पडलेले फोन, दोन-तीन माउस. "असू दे, लागेल कधीतरी." ते कधीच लागत नाही. दुरुस्त न करता नुसतं ठेवून देणं म्हणजे जपणं नाही. निर्णय पुढे ढकलणं आहे. माझ्याही घरी असा खण होता, म्हणून सांगतो.

ज्याचं काही होणार नाही हे तपासून कळलंय, ते बाहेर काढा. पण घरच्या कचऱ्यात नाही. माउस परत एकदा उलटा करा. काट मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसेल. जर्मनीत अशा वस्तू वेगळ्या द्याव्या लागतात. जिथे विजेच्या वस्तूंसाठी किमान ४०० चौरस मीटर जागा आहे, अशा दुकानांना २५ सेंटीमीटरपर्यंतची लहान जुनी यंत्रं फुकट परत घ्यावीच लागतात, तुम्ही काही विकत घेतलं नाही तरी. निघणारी बॅटरी आधी काढून तिच्या वेगळ्या डब्यात टाका.

पुढच्या शनिवारी येताना घरातली एक ‘खराब’ वस्तू शोधून ठेवा. वर्गात मला ‘खराब’ आणि ‘कापुट’ हे दोन्ही शब्द न वापरता सांगा, की तिला नक्की काय झालंय. मग आपण मिळून ठरवू, तिचं काय करायचं.