पावसाची सरासरी आणि नळाचे पाणी

‘सरासरीइतका पाऊस’ असे वेधशाळेचे भाकीत आले की नोकरदार माणूस निश्चिंत होतो. हा निश्चिंतपणा किती फसवा असतो, याचा अनुभव पिंपरी-चिंचवडने २०१९ साली घेतला. त्या वर्षी देशात जूनच्या पावसात ३३ टक्के तूट होती. सप्टेंबरात तो सरासरीच्या दीडपट कोसळला आणि चार महिन्यांची बेरीज ११० टक्के भरली. वहीतल्या हिशेबाने सुकाळच! पवना धरण भरले, ऑगस्टमध्ये नदीकाठच्या वस्त्यांत पाणीही शिरले. आणि त्याच नोव्हेंबरात महापालिकेने शहराला दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ केला. धरणात पाणी होते. वाढत्या वस्तीला ते पुरेशा दाबाने पोहोचविण्याची शक्ती यंत्रणेत नव्हती.

लोणावळ्याचा पाऊस चाकणच्या कित्येक पट असतो. दोहोंची सरासरी काढून चाकणचे शेत भिजत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र नको. मोसमाचे बरेवाईट ठरवायचे तर पावसाच्या आकड्याशेजारी त्याचे दिवस, धरणातील साठा आणि नळाला पाणी येण्याचे तास मांडावयास हवेत. महापालिकेने असे पत्रक जूनपासून दर आठवड्यास प्रसिद्ध करावे. त्यातील बहुतेक नोंदी सरकारी दप्तरात आजही होतच असतात.