धडाडीची किंमत कोण मोजतो?



यंदाची दिवाळी ओल्या रानातून आली आहे. सप्टेंबरच्या पावसाने आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे उभे पीक आडवे केले. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, कपाशीची बोंडे काळी पडली. पावसापुढे कोणाचे चालत नाही. पण यंदा कापसावर आणखी एक संकट आले. ते माणसाने आणले आणि फार लांबून आले.

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ साऱ्या जगाच्या मालावर आयातशुल्क जाहीर केले. आठवडाभरातच, ९ एप्रिलला, त्यातला मोठा भाग नव्वद दिवसांसाठी थांबवला. ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लागू झाले आणि २७ ऑगस्टला ते ५० टक्क्यांवर गेले. आपल्या कापड उद्योगाची निर्यात अडचणीत आली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि पुढे ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ही माफी नेमकी वऱ्हाडातला कापूस घरात येण्याच्या दिवसांत लागू होती. वॉशिंग्टनमध्ये एका माणसाने घेतलेल्या आणि फिरवलेल्या निर्णयांची झळ आमच्या अमडापूरच्या शेतकऱ्याच्या चुकाऱ्यापर्यंत पोहोचते, ती अशी.

ट्रम्प हा माणूस मूळचा बांधकाम व्यावसायिक. मोठी मागणी करायची, समोरच्याला हादरवायचे, मग दोन पावले मागे येऊन सौदा पदरात पाडायचा, ही त्याची व्यवसायातली रीत होती आणि ती त्याने कधी लपवली नाही. ‘धंदा ज्याने यशस्वी केला तो देशही चालवील’ हा युक्तिवाद तिकडच्या मतदारांना पटला. आपल्याकडेही तो रोज ऐकू येतो. २०२५ च्या दिवाळीत जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगर परिषदांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सर्कलमध्ये कोण उभे राहणार याच्या गप्पा आठवडी बाजारात रंगल्या होत्या. इच्छुकांत ठेकेदार होते, जिनिंगवाले होते, प्लॉटिंग करणारे होते. ‘तो बोलत बसत नाही, करून टाकतो’ ही त्यांच्या समर्थकांची मोठी शिफारस असते. म्हणूनच या वर्षीच्या अंकासाठी आम्ही ‘व्यापार आणि राज्यकारभार’ हा विषय निवडला.

धडाडीला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तिच्याविना महाराष्ट्रात उद्योग उभेच राहिले नसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचेच उदाहरण घ्या. पहिले महायुद्ध संपताच त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाची ‘लॉयल्टी’ ही बोट घेण्याचा बेत केला. जहाजधंद्यात तेव्हा बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांची सद्दी होती, तरी ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. पुढे १९३९ साली प्रवासात एका अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. शंभर सल्लागार बसवून, सगळे धोके मोजून ही कामे झाली नसती. उद्योजकाला मनाचा कौल लागतो तेव्हा उडी घ्यावीच लागते.

पण ती उडी घेताना वालचंदांनी पणाला लावले ते स्वतःचे भांडवल, स्वतःची पत आणि स्वखुशीने पैसे घालणाऱ्या भागधारकांचा विश्वास. ज्याला पटले नाही त्याला दूर राहण्याची मोकळीक होती. राज्यकारभारात ही मोकळीक कोणालाच नसते. सरकारचा निर्णय चुकला तर तो ज्याने मागितला नाही, ज्याला विचारले नाही, त्या माणसाच्या घरात जाऊन बसतो. शेतकऱ्याला राज्याचे ‘शेअर’ विकून बाहेर पडता येत नाही. धंद्यात जो गुण शोभतो, तोच सत्तेत गेल्यावर धोक्याचा का ठरतो, याचे उत्तर आम्हाला इथे दिसते. स्वभाव तोच राहतो, पण किंमत मोजणारा बदलतो.

अमेरिकेतच याचे आणखी दोन दाखले आहेत. रॉस पेरो हे टेक्ससचे संगणक उद्योजक १९९२ साली अध्यक्षपदासाठी अपक्ष उभे राहिले. लाखो लोक स्वयंस्फूर्तीने त्यांच्या कामाला लागले. जुलैमध्ये त्यांनी एकाएकी माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा रिंगणात उतरले. तरीही त्यांना जवळजवळ १९ टक्के मते पडली. मात्र माघार घेताना त्यांच्यासाठी राबणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. दुसरा दाखला उद्योजक इलॉन मस्क यांचा. २०२५ च्या आरंभी सरकारी खर्च कापण्याची मोहीम त्यांच्याकडे आली. फेब्रुवारीत अण्वस्त्रांची सुरक्षा पाहणाऱ्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांना कामावरून काढले आणि चूक लक्षात येताच परत बोलवावे लागले. इबोलाला आळा घालण्याचे कामही चुकून थांबवले होते, हे खुद्द मस्क यांनी मान्य केले. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आधी पुसावे, बिघडले तर पुन्हा लिहावे, असे चालते. साथीच्या रोगापुढे ते चालत नाही.

आपल्या महाराष्ट्राने घाईची किंमत विजेच्या रूपात मोजली आहे. जून १९९२ मध्ये एन्‍रॉन या अमेरिकी कंपनीचे पथक आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, दाभोळ वीजप्रकल्पासाठी वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून तो आधीपेक्षा मोठ्या आकारात पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला, पण ती वीज मंडळाला परवडेना. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्‍रॉन दिवाळखोरीत गेली. करणारेही घाईत होते आणि मोडणारेही घाईत होते. मधल्या मध्ये राज्याच्या तिजोरीला आणि वीज मंडळाला खड्डा पडला.

याउलट एक काम पाहा. जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. तिचा अहवाल मार्च १९६१ मध्ये आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राची घडी बदलणारे काम दोन वर्षांच्या आत उरकले आणि तेही पाहणी, चर्चा, विधिमंडळ या सगळ्या पायऱ्या चढून. वेग आणि उतावळेपणा यांत फरक आहे, तो असा.

दुर्दैव हे की ज्या जिल्हा परिषदेचा हा जन्म, ती आपल्या बुलढाण्यात मार्च २०२२ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. २०२५ च्या दिवाळीपर्यंत साडेतीन वर्षे लोकांनी निवडलेला माणूस त्या सभागृहात नव्हता. शाळेच्या गळक्या खोल्यांची कैफियत कोणापुढे मांडावी, हे गावाला कळत नव्हते. आमच्या मते उतावळ्या नेत्याची ओढ इथूनच लागते. रस्ता वर्षानुवर्षे रखडला, फाइल टेबलावरून हलेना, की हुकूम सोडणारा माणूस आपल्याला हवासा वाटू लागतो. लोकांचा हा राग खरा आहे आणि त्याची टिंगल करणे अन्यायाचे होईल. पण दिरंगाईवर बेफिकिरीचा उतारा घेतला तर दुखणे दुप्पट होते.

मग व्यावसायिकाने राजकारणात येऊच नये का? यावे, जरूर यावे. विदर्भाला तर याचा मोठा वारसा आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे मोठे व्यापारी. त्यांनी रायबहादूर किताब परत केला, दीर्घकाळ काँग्रेसचे कोषाध्यक्षपद सांभाळले. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले झाले. मंदिर त्यांच्याच घराण्याचे होते, तरी हा निर्णय विश्वस्तांना सोबत घेऊन ठरावाने झाला. चार जणांना पटवण्याचे कष्ट घेण्याची त्यांची तयारी होती.

सहकारानेही हेच शिकवले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरला साखर कारखाना उभा केला. तिथे अध्यक्षाला दरवर्षी सर्वसाधारण सभेत उभे राहून ऊस उत्पादकांना हिशोब द्यावा लागे. भाव कमी का दिला, या प्रश्नाला उत्तर देता देता तिथे नेतृत्व घडले. पुढे अनेक ठिकाणी अध्यक्ष मालकासारखे वागू लागले, सभा हात वर करण्यापुरत्या उरल्या आणि संस्था कोसळल्या. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. दुसरबीडचा जिजामाता साखर कारखाना बंद पडला. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँक वसूल न झालेल्या मोठ्या कर्जांपायी रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांत सापडली, तेव्हा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मिळावेत म्हणून आलेले लोक खिडकीवरून रिकाम्या हातांनी परतले.

म्हणून निवडणुकीत उमेदवार दारात येईल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. तुमच्या धंद्यात तुम्हाला ‘नाही’ म्हणणारा कोण होता, आणि तो अजून तुमच्याकडे टिकून आहे का? तुमचा एखादा निर्णय फसला तेव्हा नुकसान कोणी सोसले, तुम्ही की मजुरांनी आणि उधारी अडकलेल्या दुकानदारांनी? आणि गेल्या वर्षभरात तुम्ही किती ग्रामसभांना शेवटपर्यंत बसलात? संपत्ती, ओळखी, भाषणाची तडफ या गोष्टी बाजूला ठेवून या तीन उत्तरांवर माणूस तोला. ज्याला अडवले असता राग येतो पण जो तो राग कामावर काढत नाही, ज्याने स्वतःच्या चुकीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आहेत, त्याची धडाडी जिल्ह्याच्या कामी येईल. असा माणूस व्यापारी असो, शिक्षक असो की शेतकरी, त्याला मत द्यायला आम्ही कचरणार नाही.

या अंकातले लेख, कथा आणि कविता याच प्रश्नाभोवती फिरतात असे नाही, पण सत्ता आणि माणूस यांचे नाते त्यांत जागोजागी भेटेल.  अंक वाचून झाला की पटलेले आणि न पटलेले दोन्ही आम्हाला कळवा. आम्हालाही ‘नाही’ म्हणणारी माणसे हवी आहेत.



संपादक
अमडापूर, दीपावली २०२५